मागल्या गल्लीतले ठिपके

मॅडमनी वर्गात सहसंबंध शिकवला तो दिवस मला अजून आठवतो. मानसशास्त्र आपल्याला जमेल असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि रोज कामठीहून बसने नागपूरला यायचे. मार्च संपत आला होता, खिडक्या बंद करूनही झळ आत येत होती, आणि अर्धा वर्ग पेंगत होता. मॅडमनी फळ्यावर लिहायचं थांबवलं आणि विचारलं, "नागपुरात वाळ्याच्या ताट्या कधी जास्त खपतात?"

"उन्हाळ्यात," कोणीतरी म्हणालं.

"आणि ऊन लागून दवाखान्यात येणारे लोक कधी वाढतात?"

"तेव्हाच."

"म्हणजे ताट्यांचा खप वाढला की आजारी वाढतात, खप उतरला की आजारी कमी होतात. दोन्ही आकडे बरोबर चढतात, बरोबर उतरतात. मग ताट्यांमुळे माणसं आजारी पडतात, असं म्हणायचं का?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ता हसताय. पण उद्या तुम्ही स्वतः आकडे गोळा कराल तेव्हा हीच चूक कराल. सहसंबंध एवढंच सांगतो की या दोन गोष्टी बरोबर चालल्यात. एक दुसरीला ओढतेय, दुसरी पहिलीला ओढतेय, की दोघींच्या मागे तिसरंच काहीतरी आहे, ते तो सांगत नाही. ते पायपीट करून शोधावं लागतं."

मी ते शब्द न शब्द वहीत उतरवून घेतलं.

मॅडम तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. रामदासपेठेत त्यांचं घर होतं. माझे वडील लष्करी छावणीत सामानाच्या कोठारावर कामाला होते, आई घरी. धम्मदीक्षा घेतलेलं आमचं घर. कोणाच्या घरी गेलं तर ओसरीवर थांबायचं, बैठकीत बसायचं की आत जायचं, याचा अंदाज मला लहानपणापासून घ्यावा लागायचा, आणि तो घेण्यात मी तरबेज झाले होते. मॅडमकडे पहिल्यांदा पुस्तक मागायला गेले तेव्हा मी दाराशीच चपला काढून उभी राहिले. त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं, चहाचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू चहा टाक, मी पोहे करते." चहात साखर किती घालायची ते विचारायचंही मला सुचलं नाही. परत येताना बसमध्ये माझे डोळे भरून आले होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते कोणा परक्या बाईने केलं असतं तर मी ते लिहायलाही बसले नसते.

दुसऱ्या वर्षी प्रबंधिकेचा विषय ठरवायची वेळ आली. आया घराबाहेर किती तास काम करतात आणि त्यांच्या मुलींना शाळेत गणितात किती गुण मिळतात, या दोहोंत काही सहसंबंध आहे का, असा विषय मॅडमनी सुचवला. शाळा माझीच घ्यायची ठरली. मी चौथीपर्यंत जिथे शिकले ती कामठीची मुलींची शाळा. आजूबाजूला यंत्रमागांच्या शेड होत्या, आणि बऱ्याच बाया तिथे कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला जायच्या.

"तुला तिथे दारं उघडतील," मॅडम म्हणाल्या. "मी गेले तर बाया पदर सावरून 'सगळं चांगलं आहे' एवढंच सांगतील."

ते खरं होतं. तरी दारं उघडली ती माझ्यामुळे नाहीच, मावशीमुळे उघडली. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. शेडच्या मागच्या गल्लीत राहायची, कांड्या भरायची, आणि तिची मुलगी त्या वर्षी तिसरीत होती. मी प्रश्नांचे कागद घेऊन तिच्या ओट्यावर गेले तेव्हा ती भाजी निवडत होती.

"हे लिवून काय होईन वं?" तिने विचारलं.

"माझी परीक्षा होईल."

"आन् आमचं?"

मी हातातले कागद सारखे केले. मग म्हणाले, "तुमचं वाईट काहीच होणार नाही मावशी. मी नाव लिहीत नाही कोणाचंच. प्रत्येकीला एक नंबर देते. कागदावर नुसता नंबर राहील."

तिने भाजीची परडी बाजूला सारली आणि गल्लीतल्या बायांना हाका मारल्या. "या वं साऱ्या! आपलीच पोरगी आहे, एमे करून राह्यली. खरं खरं सांगा तिले. घरी सांगता तसं नोका सांगू."

बाया हसल्या आणि बसल्या. पुढचे सहा आठवडे मी घरोघर फिरले. मागल्या गल्लीत, आणि रस्त्याच्या अलीकडे आमची समोरची गल्ली होती तिथेही. नवऱ्याला आणि सासूला जे तास सांगितले नव्हते ते तास बायांनी मला सांगितले. कोणी दुपारी एका शेडमधून निघून दुसऱ्या शेडमध्ये जायची, कोणी घरी येऊन स्वयंपाक टाकून परत पळायची. मी सगळं लिहून घेत गेले. प्रश्नांची उत्तरं छापील कागदावर, आणि त्याशिवाय त्या जे बोलल्या ते एका वेगळ्या वहीत. ही वही ठेवायला मॅडमनीच शिकवलं होतं. एकदा मावशीची पाळी आली. तिने तास सांगितले, आणि मग बोलता बोलता म्हणाली,

"पोरगी हुशार आहे माही. पन मले काय ठाऊक वं. मले तर तिच्या पुस्तकाचा रंग भी ठाऊक नाई."

तेही मी वहीत लिहिलं. तिच्यासमोर नाही, घरी आल्यावर. वहीत तिचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

शाळेतून गुण मिळाले. हेडमास्तरांना आपली जुनी विद्यार्थिनी एम.ए. करतेय याचं कौतुक होतं, त्यांनी सगळे तक्ते काढून दिले. मग गणित सुरू झालं. मोठ्या आलेखकागदावर मी आडव्या रेषेवर आईच्या कामाचे तास आणि उभ्या रेषेवर मुलीचे गुण मांडले. एका मुलीचा एक ठिपका. त्यानंतर सरासरी काढायची, प्रत्येकीचं सरासरीपासूनचं अंतर काढायचं, गुणाकार, वर्ग, बेरजा. हे सगळं हाताने, लॉगची कोष्टकं उघडून. बेरीज चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जो आकडा येतो तो उणे एक ते अधिक एकच्या मधे कुठेतरी पडतो. शून्याच्या जवळ असला तर दोन गोष्टींचा एकमेकींशी मेळ नाही. माझा आकडा उणे आला, आणि शून्यापासून चांगला दूर आला. म्हणजे आईचे तास जसे वाढत होते तसे मुलीचे गुण उतरत होते. कागदावरही ते दिसत होतं. ठिपके डावीकडे वर होते आणि उजवीकडे घसरत गेले होते.

मॅडमनी तो कागद खिडकीशी धरून बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "काय सुंदर उतरलंय!" मला आकाश ठेंगणं झालं. त्या ठिपक्यांत मावशीची मुलगीही आहे, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्या रविवारी मी घरी तो कागद जमिनीवर पसरून बसले होते. आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिला अक्षरओळख नव्हती.

"हे काय वं, मुंग्या काहून काढल्या?"

"मुंग्या नाहीत, पोरी आहेत." मी तिला समजावून सांगितलं. हा ठिपका म्हणजे एक मुलगी, इकडे गेलं की आई जास्त वेळ कामावर, खाली गेलं की गुण कमी.

तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा कोनाचा?"

"नाव सांगायचं नसतं आई."

"नाव नोको सांगू. कोन्या गल्लीतला ते सांग."

त्यात काही बिघडत नव्हतं. मी नंबरांची यादी काढली आणि मागल्या गल्लीतल्या मुलींच्या ठिपक्यांभोवती लाल पेन्सिलीने गोल करत गेले. पंधरावीस गोल झाले आणि माझा हात थांबला. लाल गोल जवळजवळ सगळे खाली होते.

आईला त्यात नवल वाटलं नाही. "असनच. मांगच्या गल्लीत नळ दहाले येते. शाळा भरते साडेदहाले. मायलेकी दोघी जनी हंडे घेऊन रांगेत उभ्या राह्यतेत. माय कामाले जावो का घरी राहो, एकटीच्यानं पानी होत नाई, पोरगी थांबतेच. ते पानी भरंन का शाळेत जाईन?"

"आणि समोरच्या गल्लीत?"

"आपल्याकडे नळ सकाळी येऊन जाते. तुले माहीत नाई? तू कदी हंडा उचलला असता तं माहीत असतं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन हजेरीपट काढले. तिसरी-चौथीचा पहिला तास गणिताचाच होता. मागल्या गल्लीतल्या मुलींच्या नावापुढे पहिल्या तासाला गैरहजेरीच्या खुणाच खुणा होत्या. घरी येऊन मी दोन वेगळे कागद घेतले आणि दोन्ही गल्ल्या वेगळ्या मांडल्या. समोरच्या गल्लीतही कामावर जाणाऱ्या बाया होत्या, थोड्या, पण होत्या. त्यांच्या मुली गणितात तिथल्या इतर मुलींसारख्याच होत्या. मागल्या गल्लीत ज्यांच्या आया घरीच असत, त्यांच्या मुलींनाही गणित येत नव्हतं. दोन्ही कागदांवरची घसरण जवळपास नाहीशी झाली. ठिपके इकडेतिकडे, पोत्यातून दाणे सांडावेत तसे. मागल्या गल्लीत बाया जास्त कामाला जात होत्या, कारण शेड तिथेच होत्या. आणि मुली गणितात मागे होत्या, कारण पाणी शाळेच्या वेळेला येत होतं. दोन्ही गोष्टी त्या गल्लीत एकत्र राहत होत्या, म्हणून बरोबर चालताना दिसत होत्या.

मॅडमनी शिकवलेलं तिसरं काहीतरी मला सापडलं होतं. मी नऊ पानं लिहिली आणि धावत त्यांच्याकडे गेले.

त्यांनी ती पानं शांतपणे वाचली. म्हणाल्या, "छान आहे. कष्ट घेतलेस. पण हे सगळं घातलंस तर मुख्य निष्कर्षच पातळ होईल. परीक्षक विचारतील, मग तुझा अभ्यास नक्की काय म्हणतो? आत्ता मर्यादांच्या प्रकरणात दोन ओळी टाक. बाकीचं आपण पुढे नीट लेख करून मांडू."

'आपण' म्हणाल्या त्या. मला तेवढं पुरलं. नऊ पानं काढून मी तिथे दोन ओळी टाकल्या. माझ्या हाताने टाकल्या, हे मी कोणापासून लपवत नाही. प्रबंधिका सादर करताना मॅडमनी माझी ती वेगळी वहीही मागून घेतली, लेखाला उपयोगी पडेल म्हणून. मला प्रथम वर्ग मिळाला.

चार-पाच महिन्यांनी हेडमास्तर आमच्या घरी आले. रामदासपेठेतल्या एका सभागृहात शिक्षकांसाठी मॅडमचं भाषण होतं, आणि विषय आमच्याच शाळेचा होता. "आपल्या कामठीवर अभ्यास झाला म्हणजे काय!" ते आईला म्हणाले. मॅडमनी मला याबद्दल काही कळवलं नव्हतं. राहून गेलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मावशीच्या कानावर गेलं तेव्हा तीही निघाली. "आमच्यावर भाषन आहे तं आमी ऐकू नये?" तिने इस्त्रीची साडी नेसली, केसांत फूल माळलं, आणि आम्ही दोघी बसने गेलो. आम्हाला अगदी मागच्या रांगेत खुर्च्या मिळाल्या.

मॅडम सुरेख बोलत. त्या दिवशीही बोलल्या. म्हणाल्या, कामठीतल्या वस्तीत आम्ही घरोघर जाऊन पाहणी केली. त्या स्वतः एकदाही कामठीला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, आई जितका जास्त वेळ घराबाहेर, तितकं मूल अभ्यासात मागे, आणि हे माझं मत नाही, हे आकडे सांगतायत. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. नळाचं वाक्य आता येईल, मग येईल. ते आलंच नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला.

"एक आई मला काय म्हणाली, सांगू? ती म्हणाली, मला माझ्या मुलीच्या पुस्तकाचा रंगसुद्धा माहीत नाही."

सभागृहात कोणीतरी "अरेरे" म्हणालं. पुढच्या रांगेतल्या दोन बाया एकमेकींकडे बघून मान हलवू लागल्या. माझ्या शेजारी मावशी ताठ बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. टाळ्या झाल्या तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं.

आम्ही बसथांब्यावर आलो. बस यायला वेळ होता. मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "ते मी तुले सांगतलं होतं."

"मावशी, मी त्यांना—"

"त्यायले नाई सांगतलं मी. तुले सांगतलं होतं."

मी म्हणाले की नाव कुठेच नाही, नुसता नंबर आहे, त्यांनाही माहीत नाही तू कोण. बोलताना मलाच माझी लाज वाटत होती. तिने केसांतलं फूल काढून पिशवीत टाकलं. बसमध्ये शेजारी जागा असताना ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

पंधरा दिवसांत हेडमास्तरांनी चौथीची नवी तुकडी पाडली. ज्यांच्या आया कामावर जातात त्या मुली एका तुकडीत. त्यांना गणित कमी आणि सोपं शिकवायचं, म्हणजे त्यांच्यावर ताण येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाईट हेतूने केलं नव्हतं त्यांनी. भाषण ऐकून भारावले होते. या तुकडीतून कोणाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं नाही, हेही ठरलं. त्यात मावशीची मुलगी गेली.

आणि मावशीच्या मुलीला गणितात वर्गात दुसरा नंबर होता. मी घरी जाऊन तो आलेख काढला आणि तिचा ठिपका शोधला. तो उजवीकडे, खूप तासांच्या बाजूला होता, पण तिथल्या सगळ्यांच्या वर, एकटा. रांगेतला नंबर आणि हंडे शेजारणीवर सोपवून ती पोरगी वेळेवर शाळेत पळायची आणि दुपारच्या सुट्टीत हंडे घरी न्यायची, हे मला नंतर कळलं. घोळक्याबद्दल जे खरं असतं ते घोळक्यातल्या एकेकीबद्दल खरं असेलच असं नाही, हेही मॅडमनीच शिकवलं होतं. हेडमास्तरांना कोणी ते सांगितलं नव्हतं.

मावशीच्या घरी तिची सासू म्हणू लागली, नागपूरच्या शिकलेल्या बाईनं सांगितलंय, आता तरी घरी बस. मावशीने काम सोडलं. ज्या कामामुळे घरात तिच्या शब्दाला थोडं वजन होतं ते काम गेलं.

मी मॅडमच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, नेहमीसारख्या हसल्या. "ये ये. चहा टाकतेस?"

मी बैठकीतच उभी राहिले. "मॅडम, तुम्ही पाण्याचं काहीच बोलला नाहीत."

"वीस मिनिटं दिली होती गं त्यांनी. काय काय सांगणार?"

"पुस्तकाच्या रंगाचं सांगायला वेळ होता."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "लोकांच्या लक्षात तेच राहतं. नुसता आकडा सांगितला तर कोण ऐकणार?"

"ती बाई तिथे बसली होती. माझ्या शेजारी."

क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. तो खरोखर उतरला, हे मला त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मग त्या म्हणाल्या, "मला कसं कळणार? आणि नाव तर घेतलं नाही मी कोणाचं."

"दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं म्हणायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"वर्गात शिकवणं वेगळं, बाहेर बोलणं वेगळं. 'असेलही, नसेलही' असं बोलणाऱ्या माणसाला कोणी दुसऱ्यांदा बोलवत नाही. लोकांना ठाम काहीतरी हवं असतं." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि मी खोटं काय बोलले, सांग? आकडा तर तूच काढलास."

आतल्या खोलीत त्यांचा मुलगा मोठ्याने पाढे म्हणत होता. मॅडम सकाळी दहाला घर सोडत आणि संध्याकाळी सहाला परत येत. त्यांचा मुलगा वर्गात कायम पहिला यायचा. तो ठिपका आमच्या कागदावर नव्हता. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं, पण ते मला बसमध्ये परत येताना सुचलं.

त्यांनी टेबलावरून टंकलिखित कागद उचलले. लेख तयार होता. नऊ पानांतली एक ओळही त्यात नव्हती. "तुझं नाव दुसरं टाकते. आणि पुढच्या वर्षी विभागात तात्पुरती जागा निघेल. मी तुझ्यासाठी बोलून ठेवलंय."

मी तिथल्या तिथे नकार दिला असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी "विचार करून सांगते" म्हणाले. आठ दिवस विचार केला. ती जागा मला हवी होती, वडील निवृत्त व्हायला आले होते. आठव्या दिवशी मी कार्ड टाकलं, की लेखात माझं नाव नको, आणि माझी वही परत पाठवा. वही आली नाही. लेख छापून आला. शेवटी आभारात 'कामठी येथील एका विद्यार्थिनीचे साहाय्य लाभले' असं होतं. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

मग मी ते दोन वेगळे आलेख घेऊन हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून बघितले, हजेरीपटही बघितले. सगळं पटलं त्यांना. म्हणाले, "तुझं बरोबर असेल बेटा. पण मॅडम मोठ्या बाई आहेत, त्यांचं छापून आलंय. मी तुकडी मोडली तर वर काय सांगू?" ते खुर्चीत चुळबुळ करत होते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी तेच केलं होतं जे मी नऊ पानं काढताना केलं होतं.

राहिलं होतं पाणी. मागल्या गल्लीतल्या बायांच्या सह्या आणि अंगठे घेऊन नळाची वेळ बदलून मागायची, असं मी ठरवलं. पुन्हा तीच दारं. या वेळी निम्मी उघडली नाहीत. एक बाई आतूनच ओरडली, "आता काय लिवून नेतं वं? कोनाले सांगाले?" मी तिच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून अर्ज मोठ्याने वाचून दाखवला, सगळा, आणि शेवटी म्हणाले की यात हेच एवढं आहे, आणि हा कागद तुमच्याचपैकी कोणीतरी नेऊन द्यायचा आहे, मी नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि तिने अंगठा दिला. अशा करत करत गल्लीतल्या बऱ्याच जणी आल्या. मावशी आली नाही. तिने सासूकडून निरोप धाडला, की माझा अंगठा आहे असंच धरा.

नगरपालिकेच्या पाण्याच्या कचेरीत बायांनी खेटे घातले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मग नळ दहाऐवजी सकाळी आठला यायला लागला. मुलींचे गुण त्यामुळे वाढले का, हे मी मोजलं नाही. ती आकडेमोड करायला मी पुन्हा त्या शाळेत गेले नाही. दोन वर्षांनी हेडमास्तर बदलून गेले, नव्या बाई आल्या, त्यांनी ती तुकडी कशासाठी आहे असं विचारलं, कोणाला सांगता आलं नाही, आणि ती आपोआप मोडली. तोवर मावशीची मुलगी त्या शाळेतून बाहेर पडली होती.

मी पुढे एका कनिष्ठ महाविद्यालयात लागले. बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं. सहसंबंधाचा धडा आला की फळ्यावर दोन गल्ल्या काढायचे, नळ काढायचे, वेळा लिहायचे. मुलं विचारायची, बाई, हे खरं आहे का? मी हो म्हणायचे आणि पुढे जायचे. मॅडम मला दोनदा भेटल्या. एकदा इतवारीत भांड्यांच्या दुकानात, एकदा कोणाच्या लग्नात. दोन्ही वेळा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि कशी आहेस असं मायेने विचारलं. त्या मायेत खोट होती असं मला आजही म्हणता येत नाही. तेच जास्त लागतं.

मावशीने दीडेक वर्षाने पुन्हा काम धरलं. माझ्याशी तिने भांडण केलं नाही, अबोलाही धरला नाही. माझ्या लग्नात आली, माझ्या बाळंतपणात आईच्या मदतीला येऊन बसली, माझ्या मुलीला तेल लावून न्हाऊ घातलं. बाजाराचं, पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं सगळं बोलायची. पण मी विचारलं, "पोरगी कशी आहे मावशी? काय शिकतेय?" की ती म्हणायची, "आहे ना वं, बरी आहे," आणि उठून पाणी प्यायला जायची. तिची मुलगी मॅट्रिक झाली, मग तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलं, मग ती चंद्रपूरकडे नोकरीला लागली. यातलं काहीच मला मावशीने सांगितलं नाही. एकेक गोष्ट मला आईकडून कळत गेली.